यादीतली दुसरी ओळ

मुक्तरावांचं खरं नाव वेगळं होतं. दारावरच्या पाटीवर ते ठळक अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण इमारतीत ते कुणी वाचत नसे. नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'मुक्त प्रणाली'चा असा काही ध्यास घेतला, की लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला तळमजला येईपर्यंत तिचे फायदे ऐकावे लागत. कॉम्प्युटर चालवणारी, दुकानातून त्याच्याबरोबरच येणारी ती विकतची प्रणाली टाकून द्या, जगभरच्या भल्या माणसांनी मिळून बांधलेली ही फुकटची, मोकळी प्रणाली घ्या, असा त्यांचा उपदेश असे. किल्ल्यांच्या जुडग्यात ते ही प्रणाली भरलेला एक पेनड्राइव्ह अडकवून फिरत. कुणी नुसतं 'आमचा कॉम्प्युटर हल्ली हळू चालतो' म्हटलं, की त्यांचा हात जुडग्याकडे जाई. वरच्या मजल्यांवरची माणसं गुडघे दुखत असूनही जिन्याने उतरू लागली. लोकांना व्यायामाचं महत्त्व पटतंय, असं मुक्तरावांना वाटलं आणि त्यांनी त्याचंही कौतुक केलं.

घरात कॉम्प्युटर एकच होता आणि तो दोघांचा होता. बायको विणकामाचे नमुने तयार करायची. चौकटींच्या कागदावर ठिपके आणि फुल्या भरून कुठे सुलट, कुठे उलट, कुठे टाका वाढवायचा ते दाखवायचं, असलं बारीक काम. एका विणकामाच्या मासिकात तिचे नमुने नेमाने छापून येत. तिचा नमुन्यांचा प्रोग्राम विकतच्या प्रणालीवरच चालायचा, म्हणून मुक्तरावांनी मोठ्या मनाने कॉम्प्युटरची वाटणी केली होती. अर्धी जागा त्यांच्या मुक्त प्रणालीला, अर्धी बायकोच्या विकतच्या प्रणालीला. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळींची यादी यायची. पहिली ओळ त्यांची, दुसरी तिची. बाण खाली नेऊन दुसरी निवडायची. काहीच केलं नाही तर आपोआप पहिली सुरू व्हायची.

"तू आपली दुसरीच दाबत जा," त्यांनी वाटणीच्या दिवशी तिला समजावलं होतं. "माझ्या बाजूला थोडं डोकं चालवावं लागतं."

"बरं," बायको म्हणाली होती.

बायकोच्या 'बरं'ला किती पदर असतात याचा मुक्तरावांनी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. तेव्हाही केला नाही.

त्या रविवारी संध्याकाळी इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान होतं. विषय होता 'एक संगणक, दोन प्रणाली: भीती कसली?' लिफ्टशेजारी सूचना त्यांनी स्वतःच चिकटवली होती. हॉल त्या दिवशी दुसऱ्या कुणाला नको होता, म्हणून सेक्रेटरींनी परवानगीही चटकन दिली होती. सकाळी चहा घेता घेता मुक्तरावांच्या मनात आलं, की चार लोकांसमोर आपण जुनी आवृत्ती दाखवणार, हे काही बरोबर नाही. नवी आवृत्ती आठवड्यापासून खुणावत होती. बायको लोकर आणायला बाहेर पडली आणि इकडे मुक्तरावांनी अपग्रेडचं बटण दाबलं.

'महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेवली आहे ना?' कॉम्प्युटरने अदबीने विचारलं.

मुक्तरावांनी 'हो' दाबलं. प्रत त्यांनी काढलेली नव्हती, पण असले प्रश्न नवशिक्यांसाठी असतात अशी त्यांची पक्की समजूत होती.

अपग्रेड दृष्ट लागावी असं पार पडलं. कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर निळ्या आभाळाचं नवंकोरं चित्र उमटलं. अक्षरं टवटवीत, खिडक्यांचे कोपरे गोलसर, सगळं झुळझुळीत. मुक्तरावांना भरून आलं. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात बसून कुणी अनोळखी माणसांनी हे आपल्यासाठी करावं! या वाक्याने व्याख्यानाची सुरुवात करायची असं त्यांनी ठरवलं. आता एवढे चारदोन कागद छापून घ्यावेत, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मुक्तरावांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती. त्यांचा प्रिंटर मुक्त प्रणालीवर चालत नसे. नाना खटपटी करून ते थकले होते. छापायची वेळ आली, की ते गुपचूप बायकोच्या बाजूला जात, छापत, आणि तसेच परत येत. लिफ्टमध्ये मात्र 'प्रिंटर? अहो, लावला की चालतो!' असं ठणकावून सांगत. बायकोच्या बाजूला गेल्यावर तिच्या फायलींकडे ते ढुंकूनही पाहत नसत. दुसऱ्याच्या कपाटात डोकवायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. कपाट वापरण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि थेट निळं आभाळ दिसलं. यादी आलीच नाही.

आपलं लक्ष नसेल, म्हणून त्यांनी पुन्हा बंद करून सुरू केला. या वेळी डोळे ताणून बसले. काळा पडदा क्षणभर लुकलुकला आणि निळं आभाळ हजर. मग कळफलकावरची सुचतील ती बटणं दाबून पाहिली. एकदा कॉम्प्युटर नुसताच पीं करून ओरडला. पण दोन ओळी काही दिसेनात. बायकोची बाजू, तिचा नमुन्यांचा प्रोग्राम, तिचं कित्येक वर्षांचं विणकाम, सगळं गेलं कुठे? आणि आजच संध्याकाळपर्यंत तिला मासिकाकडे एका झबल्याचा नमुना पाठवायचा होता. सकाळी तिने तसं सांगितलंही होतं.

विचारायचं कुणाला? ज्याला त्याला शिकवत आलेल्या माणसाची हीच पंचाईत असते. शेवटी त्यांना औषधवाला आठवला. इमारतीखालच्या औषधांच्या दुकानाचा हा मालक म्हणजे मुक्तरावांचा एकुलता एक शिष्य. गेल्या वर्षी त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मुक्तरावांनी स्वतः मुक्त प्रणाली बसवून दिली होती, विकतचीच्या शेजारी. येता-जाता काउंटरवर तिचं हिरव्या डोंगराचं चित्र दिसलं, की त्यांना समाधान वाटे. चपला अडकवून ते खाली गेले.

"एक विचारायचं होतं," मुक्तराव आवाज उतरवून म्हणाले. "तुम्ही नवी आवृत्ती घेतली का? घेतल्यावर दुसरी ओळ दिसते का तुम्हाला?"

औषधवाल्याने खोकल्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची थांबवली. "कसली ओळ?"

"अहो, सुरू करताना यादी येते ना? दोन प्रणालींची?"

औषधवाला अवघडला. त्याने बाटली बाजूला ठेवली. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? ती मी तेव्हाच काढून टाकली."

"काय काढून टाकली?"

"तुमची प्रणाली. म्हणजे चांगली होती हो! पण माझा बिलांचा प्रोग्राम तिच्यावर चालेना, आणि गिऱ्हाईक ताटकळायला लागलं. पंधरा दिवस कसेबसे काढले."

"अहो, पण ते चित्र? हिरव्या डोंगराचं?"

"ते नुसतं चित्रच आहे," औषधवाला ओशाळून म्हणाला. "विकतचीवरच लावून ठेवलंय. तुम्ही येता-जाता इतक्या मायेनं बघायचा, मला बोलवेना."

मुक्तरावांनी काउंटरच्या पलीकडे पाहिलं. हिरवा डोंगर जिथल्या तिथे होता. "बरं केलंत," असं काहीतरी ते पुटपुटले आणि काही घ्यायचं नसताना बामची एक डबी घेऊन बाहेर पडले.

घराचं दार लोटलं, तर बायको परत आलेली आणि थेट कॉम्प्युटरपुढे बसलेली! लोकरीची पिशवी खुर्चीला अडकवली होती.

"तू केव्हा आलीस?"

"झाला वेळ." बायको उठली, पडदा बंद केला आणि कंबर सरळ करत म्हणाली, "झालं माझं काम."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं, असं मुक्तरावांना वाटलं. इतक्या शांतपणे तिने म्हणावं म्हणजे कमाल झाली. 'झालं माझं काम' म्हणजे कामाची वाट लागली, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. संसारात असली वाक्यं त्यांनी पूर्वीही ऐकली होती आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ तोच निघाला होता.

"अगं, मी बघतो," ते घाईघाईने म्हणाले. "तू काळजी करू नकोस. संध्याकाळच्या आत सगळं जागेवर येईल."

"काय जागेवर येईल?"

"बघच तू."

"बरं," बायको म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली.

पुढची सगळी दुपार मुक्तरावांनी घाम गाळत काढली. एका हातात फोन, नाकावर चष्मा, आणि समोर निळं आभाळ. जगभरच्या ज्या भल्या माणसांबद्दल ते इतकी वर्षं बोलत आले होते, त्यांच्या दारात ते आज पहिल्यांदा गरजू म्हणून उभे होते. चर्चांच्या पानांवर त्यांच्यासारखेच पुष्कळ जण सापडले. कुणाला एका दीडशहाण्याने 'आधी नीट वाचायला शिका' असं उत्तर दिलं होतं. मुक्तरावांना तो माणूस फार उर्मट वाटला. मग आठवलं, की अशी उत्तरं आपणही हौसेने दिली आहेत.

बऱ्याच शोधानंतर उत्तर सापडलं, आणि ते अगदी किरकोळ होतं. काहीही पुसलं गेलं नव्हतं. नव्या आवृत्तीने सुरक्षिततेसाठी म्हणून शेजारच्या प्रणालीचा शोध घेणंच बंद केलं होतं. यादी करणाराच इकडेतिकडे बघत नव्हता. आपल्याखेरीज दुसरं कुणी या डब्यात राहतच नाही, अशी त्याची समजूत होती आणि एकाच नावाची यादी काय दाखवायची, म्हणून तो ती दाखवतही नव्हता. सुरुवातीच्या व्यवस्थेच्या एका फायलीत 'शोध घे' एवढ्या अर्थाची एक ओळ लिहायची आणि यादी नव्याने करायला सांगायची, की झालं.

मुक्तरावांनी ती ओळ अक्षरन् अक्षर पडताळून टाईप केली. कॉम्प्युटर थोडा वेळ गुरगुरला आणि म्हणाला, दुसरी प्रणाली सापडली आहे. एकट्यानेच टाळी वाजवायचा मोह त्यांनी आवरला. पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर दोन ओळी! खाली बाण, एंटर, आणि ओळखीची टिंगटिंग वाजवत बायकोची बाजू उघडली.

आता फक्त तिचं काम शाबूत आहे ना, तेवढं बघायचं होतं. आजच्या दिवसापुरतं तत्त्व बाजूला ठेवून त्यांनी तिचा नमुन्यांचा फोल्डर उघडला. नमुने होते. टोप्या, हातमोजे, गळपट्टे, सगळं जागच्या जागी. पण सगळ्यात वरच्या फाईलची तारीख दोन हिवाळ्यांपूर्वीची होती. त्यानंतर एकही फाईल नव्हती.

मुक्तरावांनी फोल्डर बंद करून पुन्हा उघडला, तरी तारीख तीच. म्हणजे बायकोने काम सोडलं होतं? दोन वर्षं ती रोज इथे बसते, म्हणजे नुसतीच बसते? सकाळी झबल्याचं म्हणाली, तेही नुसतं सांगण्यापुरतंच? मासिकाचे अंक घरी येत होते, पण ते उघडून बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आपण दिवसभर प्रणालीचं पुराण लावतो, आणि घरातल्या माणसाचं काम सुटल्याचं आपल्याला कळतही नाही, याची त्यांना शरम वाटली. ते उठून स्वयंपाकघरात गेले. बायको चहा टाकत होती.

"तू नमुने करायचं सोडलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणी सांगितलं? सकाळीच झबलं पाठवलं की."

"सकाळी? अगं, सकाळी तुझी बाजू उघडतच नव्हती!"

"माझी बाजू?" बायकोने चहा गाळता गाळता वर पाहिलं. "तिकडे मी कुठे जाते? दोन वर्षं झाली असतील. तो प्रोग्राम सारखा बंद पडायला लागला, मग मी तुमच्या बाजूला एक शोधला. फुकटचाच आहे. छान चालतो."

मुक्तराव स्टूल ओढून बसले. "माझ्या बाजूला? पण पासवर्ड?"

"पक्का पासवर्ड कसा असावा, हे तुम्ही पाहुण्यांना उदाहरण देऊन सांगता. उदाहरण म्हणून तोच सांगता."

"आणि फायली कुठे ठेवतेस? मला कधी दिसल्या कशा नाहीत?"

"'जुने नकाशे' म्हणून तुमचा एक फोल्डर आहे ना, त्यात. तो तुम्ही काही उघडत नाही."

हे खरं होतं. नकाशांशी त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच फारकत घेतली होती.

"अगं, पण मला सांगायचं नाही का? दोन वर्षं? मी किती..."

"म्हणूनच नाही सांगितलं," बायको म्हणाली आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. "सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या प्रत्येकाला कळलं असतं. माझ्या बायकोलासुद्धा जमतं, मग तुम्हाला का नाही? ते 'सुद्धा' मला नको होतं."

मुक्तरावांनी चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. तेवढ्यात बायकोने आणखी एक सांगून टाकलं. "आणि हो, प्रिंटर तुमच्या बाजूनं चालायला लागलाय. सकाळी झबल्याचा नमुना तिथूनच छापला. नव्यामुळेच असेल."

"चालला? आपोआप?"

"लावला की चालतो, असं तुम्हीच म्हणता ना? आता माझ्या बाजूला चोरून जायला नको तुम्हाला. सुरू होताना ती टिंगटिंग वाजते, ती इथपर्यंत ऐकू येते."

गेली कित्येक वर्षं ज्या क्षणाची ते थाप मारत आले होते, तो क्षण प्रत्यक्षात आला, तेव्हा ते खाली बाम विकत घेत होते. मुक्तरावांना हसू आलं नाही. पण बायको हसायला लागली आणि मग त्यांचा इलाज चालेना.

व्याख्यानाला हॉलमध्ये मोजकीच मंडळी होती. किल्ली परत घ्यायची म्हणून सेक्रेटरी, शिष्यपणातून त्याच सकाळी मोकळा झालेला औषधवाला, पुढच्या महिन्यात नातवाला कॉम्प्युटर द्यायचा विचार असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, आणि अशीच दोघं-तिघं. बायको मागच्या रांगेत विणत बसली होती. मुक्तरावांनी कॉम्प्युटरचा डबा स्वतः उचलून खाली आणला होता. त्यांनी बटण दाबलं. हॉलमधल्या प्रोजेक्टरमधून भिंतीवर दोन ओळी झळकल्या.

"या दोन प्रणाली एकाच घरात सुखाने राहतात," ते म्हणाले. "आता दुसरी उघडून दाखवतो."

दुसरी ओळ उघडली आणि भिंतीवर अक्षरं आली: 'नवे बदल बसवत आहोत. कृपया संगणक बंद करू नका.' दुपारी त्यांनी ती बाजू दोन वर्षांत पहिल्यांदाच निवांत उघडी ठेवली होती, तेवढ्यात तिने साठलेले सगळे बदल उतरवून घेतले होते. खालचा आकडा मुंगीच्या पावलाने सरकू लागला आणि मधेच कुठेतरी थिजला.

लोक भिंतीकडे बघत राहिले. दाखवण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा मुक्तरावांनी सकाळपासूनची हकिगत सांगायला घेतली. यादी कशी गेली, आपली कशी घाबरगुंडी उडाली, प्रत काढली नसताना 'हो' कसं दाबलं. प्रिंटरचंही सांगून टाकलं. बायकोचं तेवढं सांगितलं नाही.

आणि नवल असं, की हॉलमध्ये पहिल्यांदाच माणसं जागी झाली. आजींनी सांगितलं, की नातवाचे सगळे फोटो आपल्या हातून पुसले गेले होते आणि हे अजून मुलाला माहीत नाही. सेक्रेटरींनी कबूल केलं, की इमारतीचा हिशेब ते कॉम्प्युटरवर करतात असं सांगतात, पण प्रत्यक्षात पुतणी करते. जो तो आपापल्या फजितीची गोष्ट सांगू लागला. भिंतीवरचा आकडा शंभरावर कधी पोचला, हे कुणी पाहिलंसुद्धा नाही. निघताना औषधवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमची प्रणाली पुन्हा बसवून द्याल का? आज जरा धीर आलाय."

"तुमचं नीट चाललंय ना?" मुक्तराव म्हणाले. "मग कशाला हात लावताय?"

हे आपल्याच तोंडून आलं, यावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसेना.

डबा वर नेताना लिफ्टमध्ये दोघंच होती. बायकोने वायरी धरल्या होत्या. "मी माझा वेगळा कॉम्प्युटर घ्यायचं म्हणतेय," ती म्हणाली. "मासिकवाल्यांना आता दर महिन्याला दोन नमुने हवेत. तुमच्या वेळा सांभाळत बसवत नाही."

मुक्तरावांना खूप काही विचारायचं होतं. मजला आला, म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "केव्हा जायचं?"

दुसऱ्याच दिवशी ती दोघं दुकानात गेली. मुक्तराव दाराशी उभे राहिले आणि टांगलेल्या माऊसच्या पाकिटांवरची अक्षरं वाचू लागले. मध्ये बोलायचं नाही, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. दुकानदाराने एक यंत्र सुचवलं, कळफलक दाखवला, पडदा दाखवला, आणि बिल करता करता विचारलं, "यात प्रणाली कोणती टाकून देऊ, बाई?"

मुक्तरावांचा हात नकळत किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला.

"काही टाकू नका, रिकामाच द्या," बायको म्हणाली. "बाकीचं मी घरी बघते. अहो, तुम्ही तेवढा खोका घ्याल का?"

मुक्तरावांनी खोका उचलला.